भोंगा, जॉबर आणि कामचुकारपणा

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, कामात मोकळीक दिली की माणूस बिघडतो, हे खरं ना?" उत्तर शोधायला नागपूरबाहेर जायची गरज नाही. गांधीसागर तलावाजवळ आज जिथे मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं, म्हणून नाव एम्प्रेस.

नागपुरात विणकर आधीपासूनच होते: कोष्टी, मोमीन, जाडंभरडं कापड विणणारे महार. कोष्ट्याचा माग घरातच. सूत आणि भाव यांच्यावर सावकाराची पकड असे, तेव्हा त्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. पण धोटा केव्हा थांबवायचा, ऊन चढल्यावर हात आवरायचा की रात्री दिवा लावून बसायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. गिरणीत ते भोंगा ठरवू लागला. १८८१ च्या कायद्यानं फक्त मुलांचे तास बांधले. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा आली १९११ च्या कायद्यानं, तीही बारा तासांची!

अशा ठिकाणी माणूस काय करील? दांडी मारील. एम्प्रेस मिलमध्ये गैरहजेरी ही मोठी डोकेदुखी होती. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता, मूळचे रेल्वेतले. सोपा उपाय दंडाचा आणि हकालपट्टीचा होता. टाटांनी दुसरा रस्ता धरला. खेळती हवा, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, खेळांच्या स्पर्धा, बक्षिसं. दांडी हा कामगाराचा स्वभाव आहे असं न मानता तो गिरणीत का टिकत नाही हे त्यांनी पाहिलं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. मात्र यात कामगाराला सोय मिळाली, आधार मिळाला. कामावरचा ताबा मिळाला नाही. भोंगा होता तिथेच राहिला.

आता त्या गृहस्थांची बाजू. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत भरपूर मोकळीक असलेला एक माणूस होताच: जॉबर. कामावर कुणाला घ्यायचं, रजा कुणाला द्यायची, बदलीवाल्याला आज काम मिळणार की नाही, पुष्कळदा सगळं त्याच्या हातात. आणि त्यानं काय केलं? दस्तुरी खाल्ली. १९३१ च्या व्हिटली कमिशनच्या अहवालात या लाचखोरीवर कडक शब्द आहेत आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या, अशी शिफारसही आहे.

म्हणजे मोकळीक नाही म्हणून कामगार दांडी मारतो, आणि मोकळीक आहे म्हणून जॉबर लाच खातो? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा कांटचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कांटच्या लेखी स्वायत्तता म्हणजे नियम नसणं नव्हे. स्वतः घालून घेतलेला आणि सगळ्यांना लागू पडेल असा नियम पाळणं. कोष्ट्याची मोकळीक स्वतःच्या हातांवर होती. कापड विरळ विणलं तर नाव त्याचंच जाई. जॉबरची मोकळीक दुसऱ्याच्या पोटावर होती, आणि त्याची झळ त्याला स्वतःला बसत नव्हती. एकाच शब्दात दोन्ही कोंबले की घोटाळा होतो.

आमच्याच नोकरीतली गोष्ट सांगतो, बरं का. एका महाविद्यालयात हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र बसलं. त्याआधी काही जण उशिरा येत, पण शिकवताना घड्याळ पाहत नसत. यंत्र आल्यावर सगळे वेळेवर येऊ लागले, अंगठा लावून कँटीनमध्ये बसू लागले. आम्हीही बसलो, उगाच खोटं कशाला बोलायचं? यंत्र बसवण्याआधी आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि वर्गात काय चाललंय हे नंतरही कुणी विचारलं नाही.

समोर गिरणीत काम केलेली दोन-तीन मंडळी बसलेली दिसतात. जॉबरबद्दल आम्ही जे बोललो ते त्यांना कितपत पटतं, ते आधी ऐकू या. बाकीचे प्रश्न त्यानंतर घेऊ.