शल्य म्हणजे आत राहिलेला बाण



दशलक्षण पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय होतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात आचार्य उमास्वामी सांगतात की, ज्याच्या मनात शल्य नाही तोच खरा व्रती. यंदा घरी परतताना लेकीने विचारलं, "आई, शल्य म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "बाण." तिला काही ते पटेना.

बाणाला आपल्याकडे नावं पुष्कळ. शर आणि बाण संस्कृतातले, तीर फारसीतून आलेला. मराठ्यांच्या फौजेत दारू भरून उडवायच्या अस्त्रालाही बाणच म्हणत. दिवाळीतला बाण त्याचाच धाकटा भाऊ. आणि रॉकेटला मराठीत नाव मिळालं अग्निबाण. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन जो अग्निबाण उडाला, त्याच्या बूस्टरचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडले. सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले वालचंद हिराचंद, त्यांच्याच नावाचं हे गाव.

हे सगळे बाण बाहेर जाणारे. शल्याचं मात्र उलटं. शल्य म्हणजे बाणाचं टोक. काडी ओढून काढता येते, टोक आत राहतं. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतून पीडा देणाऱ्या कशालाही शल्य म्हटलं आहे आणि ते काढण्याची विद्या म्हणजे शल्यतंत्र. म्हणून तर सरकारी दवाखान्यात आजही 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटी असते. आपलं 'सल' आणि 'सलणं' हेही त्यातूनच आलं. बारामतीच्या मोरोपंतांनी (1729–1794) आर्याभारतात ज्या शल्यराजाची कथा आणली, तो कर्णाचा सारथी होऊन त्याला शब्दांनीच टोचत राहिला. नाव अगदी शोभणारं!

आपल्या शास्त्रात शल्यं तीन. माया म्हणजे कपट, मिथ्यात्व म्हणजे खोटी श्रद्धा, निदान म्हणजे व्रताच्या बदल्यात सुखाची इच्छा.

लेकीला हे समजावताना पहिल्यापाशीच मी अडखळले. सासूबाईंच्या पाटल्या वाटणीत मोठ्या जाऊबाईंकडे गेल्या, त्याला अठरा वर्षं झाली. दरवर्षी क्षमावाणीला मी त्यांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणते आणि घरी आल्यावर पाटल्यांचा विषय काढते. तोंडात क्षमा, आत टोक. माया ती हीच. एवढे उपवास, एकाशनं केली. पण व्रत खरंच झालं का?

यंदा क्षमावाणीला इंदापूरला गेले, तेव्हा हात जोडून थांबले नाही. म्हटलं, "ताई, पाटल्यांचा राग माझ्या मनात होता. अठरा वर्षं होता."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं. मलाही ते सलत होतं."

पाटल्या अजून त्यांच्याकडेच आहेत. येताना मात्र गाडीत मी त्यांचा विषय काढला नाही.