छोट्या फ्लॅटमध्ये गेमिंगचं सामान कसं ठेवायचं? मालाडच्या घरांसाठी सविस्तर माहिती

गेम रूम म्हटलं की रंगीत लाइट लावलेली, भिंतभर शेल्फ असलेली वेगळी खोली डोळ्यांसमोर येते. मालाडमध्ये वन आरके किंवा वन बीएचकेत राहणाऱ्यांची गेम रूम म्हणजे हॉलमधलं टीव्ही युनिट, दिवाणाखालचा कप्पा आणि वरचा माळा. त्याच हॉलमध्ये घरचे मालिका बघतात, पाहुणे आले की तिथेच अंथरूण पडतं. त्यामुळे वेगळी खोली कशी सजवायची, हा आपला प्रश्न नाही. आहे त्या जागेत सामान सुरक्षित कसं ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे.

हे महत्त्वाचं का? कन्सोलचा एक नवा गेम ४ ते ५ हजार रुपयांना पडू शकतो आणि कंट्रोलरही स्वस्त नसतो. यातलं बरंचसं सामान खेळून कमी आणि चुकीच्या जागी पडून राहून जास्त खराब होतं. म्हणून सामानाची वाटणी 'हे प्लेस्टेशनचं, ते स्विचचं' अशी करण्यापेक्षा 'कशाला काय चालत नाही' यावर करा.

मालाडची हवा काय करते?

मालाड पश्चिमेला मार्वे, आक्सा आणि खाडी जवळ आहे, त्यामुळे हवा वर्षभर दमट. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी २ हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदवला जातो. २६ जुलै २००५ ला तर तिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पावसाळ्यात मालाड सबवेत पाणी भरणं आपल्याला नवीन नाही. तळमजल्यावरच्या घरांना पाण्याचा धोका असतो, तर सर्वात वरच्या मजल्यावर स्लॅबमधून गळती होते.

या हवेचे परिणाम असे दिसतात:

• कागद आणि पुठ्ठ्याला बुरशी लागते.
• हेडफोनच्या कुशनचं नकली लेदर सोलवटतं.
• रबराची ग्रिप चिकट होते.
• धातूच्या पिनांवर गंज चढतो.

कुठे काय ठेवायचं?

• माळा: फक्त रिकामी खोकी. मे महिन्यात स्लॅब तापतो आणि पावसाळ्यात गळतीची भीती असते. बॅटरी असलेली कोणतीही वस्तू इथे नको.
• दिवाणाखाली: तळमजल्यावर राहत असाल तर इलेक्ट्रॉनिक काहीच नको. वरच्या मजल्यांवर झाकणाच्या डब्यात घालून ठेवलं तर चालतं.
• लोखंडी किंवा लाकडी कपाट: डिस्क, कंट्रोलर आणि बोर्ड गेमसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा. फक्त बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट टाळा, कारण ओल त्याच भिंतीतून येते.
• खिडकीजवळ: व्हीआर हेडसेट अजिबात नको. त्याच्या भिंगातून ऊन आत गेलं तर स्क्रीन कायमची जळते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन सरळ आत येतं, हे विसरू नका.

कन्सोलला हवा लागते

पहिल्या प्लेस्टेशन ५ ची उंची ३९ सेंटिमीटर. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तो कोंबून बसवला तर गरम हवा बाहेर पडत नाही आणि पंखा ओरडायला लागतो. मागे आणि बाजूंना किमान १० सेंटिमीटर जागा सोडा. काचेचं दार असेल तर खेळताना ते उघडं ठेवा.

कन्सोल उबदार असतो, म्हणून झुरळांना तो फार आवडतो. वेफर्सचं पाकीट आणि कन्सोल एकाच कप्प्यात ठेवू नका. झुरळं दिसली तर जाळीतून आत स्प्रे मारू नका, आतला बोर्ड खराब होईल. बाहेर, थोड्या अंतरावर जेल लावा.

एसीच्या थंड खोलीतून कन्सोल एकदम दमट हॉलमध्ये आणला तर आत बाष्प धरू शकतं. तासभर थांबा, मग प्लग लावा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला स्क्रूने बसवा. विजा कडाडत असतील तर नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा.

कंट्रोलर आणि बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि महिनोन् महिने शून्यावर राहणं. परीक्षेच्या काळात कंट्रोलर दोन-तीन महिने बाजूला ठेवणार असाल, तर साधारण अर्धा चार्ज करून ठेवा. स्विच वापरात नसला तरी किमान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करायला निंटेंडो सांगते.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल असतील तर ठेवण्याआधी ते बाहेर काढा. सेल गळले की आतल्या पट्ट्या गंजतात. कंट्रोलर एकावर एक रचू नका. वजनाने स्टिक एका बाजूला दाबलेली राहते.

बॅटरी फुगलेली दिसली तर ती वस्तू चार्जिंगला लावू नका. बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचंही नाही.

डिस्क आणि कार्ट्रिज

ब्लू-रे डिस्कवर डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वरचं आवरण कडक असलं तरी खोल चरा महागात पडतो. डिस्क कडेने धरा. पुसायची असेल तर मऊ मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. केस पुस्तकासारख्या उभ्या लावा.

मूळ केस आणि आतला कागद जपा. गेम पुढे विकायचा असेल तर केससकट डिस्कला भाव बरा मिळतो. आणखी एक: डिस्कवरून इन्स्टॉल केलेला गेम चालवायलाही डिस्क लागतेच. 'इन्स्टॉल झालाय' म्हणून डिस्क फेकली की गेमही गेला.

स्विचची कार्ट्रिज नखापेक्षा थोडीच मोठी असते, त्यामुळे ती पटकन हरवते. तिच्यासाठी खाचा असलेली छोटी केस घ्या. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून तिच्यावर कडू लेप असतो. तरीही ती त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

ओल शोषण्यासाठी सिलिका जेल

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या ड्रॉवरमध्ये टाकून काही होत नाही. झाकण घट्ट बसणारा डबा हवा. रंग बदलणारे मणी घेतलेत तर कधी वाळवायचे ते कळतं: केशरी मणी ओल शोषून हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. आर्द्रता मोजणारं छोटं मीटर डब्यात ठेवता येतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशीची काळजी बरीच कमी होते.

तांदूळ वापरू नका, त्याची पूड फटींत अडकते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

केबल

केबल घट्ट गुंडाळली की कनेक्टरजवळ आतली तार तुटते. सैल वेटोळं करा आणि वेलक्रोची पट्टी लावा. दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून नाव लिहा: 'पीएस५ एचडीएमआय', 'सेट-टॉप एचडीएमआय'. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, पण कन्सोलसोबत आलेली केबल ४के आणि १२० हर्ट्झसाठी बनलेली असते. ती चुकून सेट-टॉप बॉक्सला गेली आणि जुनी कन्सोलला लागली, तर चांगला टीव्ही असूनही चित्र तसं मिळत नाही.

कॅरम, पत्ते आणि बोर्ड गेम

कॅरमची पावडर बारीक असते. ती उडून कन्सोलच्या पंख्यात जाते, म्हणून कॅरम सुरू असताना कन्सोल बंद आणि झाकलेला हवा. पावडर बहुतेकदा बोरिक असते, तिचा डबा लहान मुलांपासून लांब ठेवा. बोर्ड ओलसर भिंतीला टेकवून ठेवला तर फुगतो किंवा वाकतो. कपड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटामागे, आतल्या भिंतीला उभा ठेवा. ९ काळ्या, ९ पांढऱ्या, राणी आणि स्ट्रायकर एकाच पिशवीत मोजून ठेवा.

पत्त्यांना रबरबँड लावू नका. आपल्या हवेत रबर वितळून चिकटतं आणि डाग राहतो. झिपवाली पिशवी बरी.

डिजिटल सामानही आवरा

पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबी स्टोरेज होतं आणि त्यातलं सुमारे ६६७ जीबी वापरता येतं. काही गेम एकटेच १०० जीबीच्या पुढे जातात. जागा कमी पडली की हे लक्षात ठेवा:

• पीएस५ चे गेम यूएसबी हार्ड डिस्कवर हलवून ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. पीएस४ चे गेम मात्र थेट तिथूनही चालतात.
• फोनवरच्या प्लेस्टेशन ॲपमधून कन्सोलचं स्टोरेज बघता येतं आणि गेम काढता येतात.
• स्विचमध्ये गेम मायक्रोएसडी कार्डवर राहतो, पण तुमची प्रगती कन्सोलच्या आतच असते. कार्ड जपलं म्हणजे सेव्ह जपलं, असं नाही.
• पीएस५ च्या गेमचं एकेक सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाही. पीएस प्लसचं क्लाउड वापरा किंवा पूर्ण बॅकअप घ्या.

फोनमध्ये यादी करा

एक अल्बम बनवा. त्यात प्रत्येक वस्तूचा फोटो, सिरीयल नंबर आणि बिल ठेवा. दुकानातली थर्मल कागदाची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्यामुळे वॉरंटीसाठी बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. मित्राला गेम दिला तर त्याच यादीत नाव आणि तारीख टाका. 'कोणाकडे आहे रे?' असं ग्रुपवर विचारत बसावं लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

• मेचा शेवट: माळ्यावरचं सामान खाली घ्या, सिलिका जेल वाळवा, एक्स्टेंशन बोर्ड तपासा.
• जून ते सप्टेंबर: पंधरा दिवसांतून एकदा डबे उघडून वास घ्या. कुबट वास आला तर पंख्याखाली सामान मोकळं करा.
• दिवाळीची साफसफाई: कन्सोलच्या जाळीवरची धूळ काढा, यादी ताजी करा, नको असलेलं वेगळं करा.

बंद पडलेले कंट्रोलर, चार्जर आणि बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हे सामान नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यायचं असतं.

सगळं एका दिवसात होणार नाही. सुरुवात माळ्यापासून करा: तिथे बॅटरी असलेली एखादी वस्तू पडली असेल तर ती आजच खाली काढा.