प्रेमकथेमागचे सूर

कुंभकोणमपासून जेमतेम दहा किलोमीटरवर, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविसनल्लूर हे गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव सहसा ठाऊक नसते. पण त्याचे दुसरे नाव ऐकले की कान टवकारतात: शहाजीराजपुरम्. तंजावरच्या भोसले घराण्यातले दुसरे राजे शहाजी, म्हणजे व्यंकोजींचे थोरले चिरंजीव, यांनी १६९३ च्या सुमारास हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. ‘जानकीपरिणय’ हे नाटक आणि ‘शृंगारतिलक’ हा भाण लिहिणारे रामभद्र दीक्षित त्या पंडितांपैकी. राजावर ‘शाहेन्द्रविलास’ हे काव्य रचणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ याच गावात राहिले.

या गावाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुधा वेदान्त, व्याकरण आणि भक्ती यांच्या अंगाने. मला त्याच्याकडे एका वेगळ्या प्रश्नाने पाहायचे आहे. कथेच्या मागे वाजणारे संगीत माणसाला त्या कथेत कसे ओढून नेते? विशेषतः प्रेमकथेत, जिचा शेवट आपल्याला आधीच माहीत असतो?

हा प्रश्न मला आजच्या एका करमणुकीने सुचवला. जपानमध्ये वाढलेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हा खेळ वाचकांपैकी काहींनी खेळला असेल. खेळ म्हणायचे, पण त्यात धावपळ नसते. पडद्यावर एक स्थिर चित्र असते, वर्गाची खोली किंवा पाऊस पडणारी गल्ली. समोर एक मुलगी किंवा मुलगा उभा. खालच्या चौकटीत संवाद उमटत जातात. मधूनमधून आपल्याला दोन-तीन उत्तरांतले एक निवडायचे असते. चित्र हलत नाही, अक्षरे मुकी असतात, म्हणून वेळ वाहतो आहे ही जाणीव फक्त मागचे संगीत देते. १९९४ च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’पासून हा प्रकार घराघरांत गेला. १९९९ च्या ‘कॅनन’मध्ये जुन माएदा यांनी संहितेचा काही भागही लिहिला आणि संगीतही दिले. अशा खेळांत प्रत्येक नायिकेची स्वतःची धून असते. ती दिसण्याआधी धून वाजू लागते आणि खेळणाऱ्याचे मन आधीच वळते. आवाज बंद करून तोच प्रसंग मी वाचून पाहिला आहे. संवाद तेच राहतात, पण प्रेमपत्राची कोणी कार्यालयीन नक्कल करावी तसे ते वाटतात.

आता तीनशे वर्षे मागे जाऊ. शहाजींच्या कारकिर्दीत (१६८४ ते १७१२) तंजावरच्या दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या भाषांत नाटके लिहिली गेली, आणि त्यांतली बरीच खुद्द राजाच्या नावावर आहेत. १६९० च्या सुमारास रचलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले मराठी नाटक. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ मध्ये झाले, त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. ‘कल्याण’ शब्दाचा अर्थ इथे लग्न. तमिळ-तेलुगू शेजाऱ्यांकडून तो तंजावरच्या मराठीत आला. म्हणजे मराठीतल्या या आद्य नाटकांपैकी एक ही सरळसरळ एका लग्नाची गोष्ट आहे.

या नाटकांना नेपथ्य जवळजवळ नव्हते. जे होते ते सूत्रधार, थोडे गद्य आणि ‘दरू’ नावाची पदे. पात्र रंगभूमीवर येताना त्याचा ‘प्रवेश दरू’ गायला जाई: हा कोण, कसा दिसतो, कोणत्या मनःस्थितीत येतो आहे. गाणारे एका बाजूला, पात्र आत येत असलेले, आणि प्रेक्षक ऐकत-ऐकत पाहणारा. पात्र तोंड उघडण्याआधीच रागाने त्याची ओळख करून दिलेली असे. हस्तलिखितांत पदांच्या डोक्यावर राग आणि ताल यांची नावे लिहिलेली असतात. ती सजावट नसून नाटककाराने प्रयोग करणाऱ्यांना दिलेली सूचना आहे: इथे भाव बदलतो, इथे श्रोत्याचा हात धरून त्याला पुढच्या दालनात न्या.

हे सहज घडलेले नाही. शहाजींच्या नावावर ‘रागलक्षणमु’ हा तेलुगूतला ग्रंथही आहे, आणि त्यांचे धाकटे बंधू तुळजाजी यांनी पुढे ‘संगीतसारामृत’ लिहिले. रागाचे चलन कसे, कोणत्या स्वरसमूहाने तो ओळखू येतो, याची या घराण्याला खरी जिज्ञासा होती. शब्द लिहिणारा आणि सूर ठरवणारा एकच असला की दोहोंत फट राहत नाही. जपानमध्ये माएदांनी जे संगणकावर केले, त्याची जात तंजावरच्या राजाला अनोळखी वाटली नसती.

शहाजींची ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ ही तेलुगू रचना याचे सर्वांत जिवंत उदाहरण. तिरुवारूरचा देव त्यागेश हा शहाजींचा इष्टदेव. गौरी त्याच्या विरहात व्याकुळ होते, सख्यांना त्याला आणायला पाठवते, आणि अखेर तो पालखीतून येतो. कथानक एवढेच. एका वाक्यात सांगून संपणारी गोष्ट पदांमागून पदांनी लांबत जाते, आणि ते लांबणे हाच विरहाचा अनुभव होतो. तिरुवारूरच्या मंदिराच्या परंपरेने ही पदे गळ्यांत जपली, म्हणून १९५५ मध्ये पी. सांबमूर्ती यांना ती स्वरलेखनासह छापता आली. ती आज गाता येतात. शहाजींच्या मराठी नाटकांचे भाग्य तसे नव्हते, त्याकडे मी पुढे येतो.

तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी भागवत मेळा अजून होतो. नरसिंह जयंतीच्या सुमारास गावातले पुरुष वेंकटराम शास्त्रींची तेलुगू नाटके रात्रभर करतात. त्यांच्या नाटकांत ‘उषा परिणय’ आहे. उषेला स्वप्नात एक तरुण दिसतो, ती त्याच्यावर भाळते, पण तो कोण हे तिला माहीत नसते. तिची सखी चित्रलेखा एकामागून एक देवांची आणि राजपुत्रांची चित्रे काढून दाखवते, आणि अनिरुद्धाचे चित्र येताच उषा ओळखते. स्थिर चित्रे, एक वाचणारी मुलगी, एक निवड: व्हिज्युअल नॉव्हेलची सारी सामग्री या पुराणकथेत आधीच मांडलेली आहे. रंगभूमीवर ती चित्रे प्रेक्षकाला दिसत नाहीत. उषेचे मन हलले हे त्याला गाण्यातूनच कळते.

शतकभराने याच दरबाराने वेगळे उत्तर शोधले. दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या नावावर मराठीत नृत्यासाठी रचलेली ‘निरूपणे’ आहेत. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने ती प्रसिद्ध केली. एका निरूपणात अठरा प्रकार: शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना असे. विशेष म्हणजे अठराही प्रकारांना राग एकच, ताल एकच आणि सूत्रही एकच. शहाजींच्या नाटकात राग बदलून भाव बदलतो. सरफोजींच्या निरूपणात रचनेचे प्रकार बदलतात, पण पायाखालची जमीन तीच राहते. काही वेळाने श्रोता रागाकडे लक्ष देणे सोडतो आणि त्यात राहू लागतो. आजच्या खेळांतही हे दोन्ही मार्ग आहेत: पात्रागणिक बदलणारी धून, आणि एका प्रसंगभर न संपता फिरत राहणारी एकच धून. पहिली ओळख पटवते, दुसरी मुक्काम करायला लावते.

तिसरे उत्तर तिरुविसनल्लूरच्या मातीतले आहे. दक्षिणेतल्या भजन संप्रदायाचे तीन आधार मानले जातात: गोविंदपुरमचे बोधेंद्र, तिरुविसनल्लूरचे अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी. तिन्ही गावे कुंभकोणमच्या परिसरात. या परंपरेतला मोठा सोहळा म्हणजे राधाकल्याण. जयदेवाच्या अष्टपदी, नारायण तीर्थांचे तरंग, मराठी अभंगही गात-गात राधा आणि कृष्ण यांचे लग्न लावले जाते. इथे नट नाही, पडदा नाही. भागवतर पद उचलतात आणि बसलेली माणसे ते परत म्हणतात. गोष्ट ऐकायला आलेला माणूस पाहता-पाहता वऱ्हाडी होतो. तल्लीनता या शब्दाचा अर्थ मला इथे नीट कळतो. संगीत इतके जवळ आले आहे की ते मागे राहिलेले नाही. ते ऐकणाऱ्याच्या घशात आहे.

याच्या उलट टोकाला आपली संगीत रंगभूमी जाते. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ (१८८२) आणि खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ (१९१६) या दोन्ही प्रेमकथाच. बालगंधर्वांच्या रुक्मिणीला साथ करायला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाखाँचा तबला असे. पण पद संपले की ‘वन्स मोअर’ येई, आणि रुक्मिणी क्षणात गायक होऊन तेच पद पुन्हा आळवी. श्रोत्याला स्वर्ग लाभे, कथा मात्र दारात थांबून राही. याला मी दोष म्हणत नाही. रसिकाने तिथे सूर निवडला होता. तंजावरच्या नाटककाराला मात्र सूर आणि गोष्ट यांचा काडीमोड नको होता.

आता त्या मराठी नाटकांच्या भाग्याविषयी. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आपण मराठीचे आद्य नाटक म्हणून अभिमानाने मिरवतो. साहित्याच्या इतिहासात त्याला एक परिच्छेद मिळतो, त्यात भाषा, लेखनकाळ आणि राजाची रसिकता यांची नोंद असते. पदांवरची रागनामे बहुधा वाचनातून गळतात. या पदांच्या चाली गाणाऱ्यांच्या पिढ्यांबरोबर गेल्या आणि हाती राहिली ती संहिता. ती वाचून ‘कथानक क्षीण, संवाद साधे’ असा निकाल देणे सोपे आहे. पण तो निकाल आवाज बंद करून खेळलेल्या खेळावरचा आहे. कथानक क्षीण असणारच, कारण भार पेलण्याचे काम सुरांकडे दिलेले होते.

म्हणून मला वाटते, या नाटकांना प्रथम की दुय्यम हा मान देण्याच्या वादापेक्षा ती एकदा गाऊन पाहण्याची गरज अधिक आहे. मूळ चाल परत मिळणार नाही. पण राग सांगितलेला आहे, ताल सांगितलेला आहे, शहाजींच्याच काळातली रागलक्षणे लिहिलेली आहेत, आणि तिरुवारूरची पालखीची पदे कानांसमोर आहेत. कर्नाटक संगीत जाणणारा गायक आणि तंजावरची मराठी जाणणारा वाचक एकत्र बसले तर पुष्कळ काही उभे राहील. तंजावर भागात घरी मराठी बोलणारी कुटुंबे अजून आहेत. त्यांच्या बोलीतले उच्चार या पदांना पुण्याच्या उच्चारांपेक्षा जवळचे असतील. ते कान आणि ते उच्चार आहेत तोवरच हे काम व्हायला हवे.

तिरुविसनल्लूरला दर वर्षी कार्तिक अमावास्येला अय्यावाळांच्या मठातल्या विहिरीत गंगा येते असे मानतात, आणि माणसे रांगा लावून त्या पाण्याने न्हातात. विहीर एरवीही तिथेच असते. शहाजींच्या नाटकांची पोथीही तशीच जागच्या जागी आहे. तिच्यात पाणी यायचे तर कोणीतरी पद उचलावे लागेल.