घरगुती बाब, पण नेमकी कोणाची?

गर्भपाताचा विषय निघाला की 'ही ज्याच्या-त्याच्या घरातली बाब, चव्हाट्यावर कशाला?' असं म्हणणारे आपल्या चळवळीतही आहेत. त्यांनी १० नोव्हेंबर १९३८ हा दिवस आठवावा. त्या दिवशी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. प्रश्न गर्भपाताचा नव्हता, गर्भधारणा टाळण्याचा होता. पण त्यामागची भूमिका पाहा. कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल, तर ते टाळण्याचं स्वातंत्र्य तिला हवं. निर्णय सर्वस्वी तिचा. नवऱ्याचा नाही, सासूचा तर नाहीच. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलांना कोणी तयार झाला नसता, हेही त्या भाषणात होतं. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला!

एखादीने गर्भ का पाडला, याची चर्चा चावडीवर नको, हे मान्यच. पण ठरवायचं कोणी, ही चर्चा बाबासाहेबांनीच सभागृहात नेली होती. कारण 'घरगुती' म्हणून सोडलेली बाब घरात बाईच्या हाती कधी राहतच नाही. आणि कायदा तर आधीपासून घरात घुसलेला होता: १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३१२ नुसार स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. १९७१ च्या कायद्याने अपवाद दिला, तोही डॉक्टरांच्या मतावर. २० ते २४ आठवड्यांदरम्यानची मुभा अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. जुनी दंडसंहिता आता गेली. कलम ३१२ मात्र भारतीय न्याय संहितेत कलम ८८ म्हणून बसलेलं आहे.