‘तिलावा’ जहाज आणि गोमंतकीय स्टुअर्ड : सागरी इतिहासातील एक उपेक्षित सेवकवर्ग

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून पूर्व आफ्रिकेमार्गे डर्बनला जाण्यासाठी निघाले. त्यावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी व ४ तोफची होते. मालामध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाण्यांसाठी खरेदी केलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा पाणतीर जहाजावर आदळला. जहाज लगेच बुडाले नाही. म्हणून काही जण होड्यांतून परत जहाजावर चढले, आणि त्यानंतर दुसरा पाणतीर आला. २८० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत २८ कर्मचारी होते. ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका आणि ‘कार्थेज’ हे जहाज यांनी ६७८ जणांना वाचविले.

प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार जहाजावरील स्टुअर्ड, म्हणजे भोजनगृहात व केबिनमध्ये प्रवाशांची सेवा करणारा नोकर, याच्या बाजूने केला आहे. ब्रिटिश जहाजांवरील भारतीय कर्मचाऱ्यांची विभागणी प्रदेश व धर्म यांनुसार होत असे. डेकवर सारंग, टंडेल व खलाशी, इंजिनखान्यात आगवाले, आणि ‘सलून’ या भोजनविभागात प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती. प्रवाशांच्या ताटात गोमांस असो वा डुकराचे मांस, ते वाढण्यास गोमंतकीय ख्रिस्ती नोकराला धर्माची आडकाठी नव्हती, हे त्यामागील एक व्यावहारिक कारण होते.

साष्टी वा बारदेशातील तरुण मुंबईत आला की धोबीतलाव परिसरातील आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये उतरे. एका सामायिक दालनात भिंतीलगत ट्रंका रचलेल्या, एका बाजूस संताची वेदी आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरीची प्रार्थना, असे तेथील जीवन होते. जहाज मिळेपर्यंत बेकारीचे दिवस तो अत्यल्प भाड्यात येथेच काढी. गावचे घर, जेवणाचा खर्च, बहिणीचे लग्न या साऱ्याचा भार त्याच्या मनीऑर्डरवर असे. कूड ही केवळ खानावळ वा धर्मशाळा नव्हती. ती समुद्रावरच्या नोकरीची हमी देणारी ग्रामसंस्था होती, असे माझे मत आहे.

युद्धाने हा व्यवसाय जीवघेणा केला, मात्र वेतनातील तफावत तशीच राहिली. युद्धापूर्वी भारतीय खलाशास ब्रिटिश सहकाऱ्याच्या वेतनाचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा मिळे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांतील भारतीय कर्मचाऱ्यांनी वाढीव वेतनासाठी जहाजावर जाण्यास नकार दिला. काहींना तुरुंगवास झाला, परंतु वेतनवाढही मिळाली.

गोमंतकीयाची आणखी एक अडचण होती. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली आणि पुढे ती इंग्रजी अमलाखाली गेली. त्यामुळे १९४२ मधील वसईचा ख्रिस्ती ब्रिटिश प्रजाजन होता. गोव्याचा ख्रिस्ती मात्र पोर्तुगालचा प्रजाजन, आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. म्हणजे तटस्थ देशाचा हा माणूस ब्रिटनच्या जहाजावर जपानच्या पाणतीराने मरत होता. राष्ट्रीय चौकटीत लिहिलेल्या इतिहासात अशा माणसाला जागा सापडत नाही. (वसईच्या इतिहासलेखनाविषयीही हेच म्हणता येईल. चिमाजी अप्पांच्या मोहिमेवर आपण भरपूर लिहिले, किनाऱ्यावरून नोकरीसाठी समुद्रावर गेलेल्यांविषयी फारच थोडे.)

ब्रिटिश व्यापारी नौसेवेतील मृतांची नावे लंडनमधील टॉवर हिल स्मारकावर कोरलेली आहेत. अविभक्त भारताच्या नौदल व व्यापारी नौसेवेतील सहा हजारांहून अधिक मृतांची नावे मात्र मुख्यत्वे नोंदग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या सेलर्स होममध्ये व दुसरी चितगावला ठेवण्यात आली.

याउलट चांदीचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून ती वर काढण्यात आली. तिच्यावरील दाव्याचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ मे २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. त्या खटल्यात प्रत्येक लगडीचा हिशेब आहे. कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडण्यासाठी मुंबईतील नोंदग्रंथ, कूडांची दप्तरे आणि गोव्यातील चर्चच्या नोंदवह्या एकत्र वाचाव्या लागतील. त्यासाठी मराठी, कोंकणी व पोर्तुगीज या तिन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांतून मिळू शकतात.