गोठलेलें घरभाडें

सरकारचें आर्थिक धोरण केवळ अंदाजपत्रकांतच राहत नाहीं. तें आपल्या घरखर्चाच्या वहींतहि उतरतें. वांद्र्याच्या हिल रोड बाजूच्या जुन्या भाडोत्री घरांचा इतिहास हेंच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धांत मुंबईची वस्ती वाढली. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. भाडेकरू नाडला जाऊं नये म्हणून १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें, किंवा त्यानंतर प्रथम दिलेल्या घराचें पहिलें भाडें, हेंच सामान्यतः प्रमाण ठरलें. पगारदार कुटुंबास मोठा आधार मिळाला. मुलांच्या शिक्षणास चार पैसे उरले.

परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें जागचें हललें नाहीं. त्यांत छपराची डागडुजीहि भागेना. म्हातारपणाची सोय म्हणून घर बांधणाऱ्याची पुंजी आटली. नवीं भाड्याचीं घरें बांधण्याची उमेद ओसरली. उघड भाडें थोडें, म्हणून पडद्याआडची पागडी मोठी झाली. तिचा भार पडला तो घर शोधणाऱ्या नव्या संसारावर.

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें गोठलेलें भाडें अवाजवी ठरविलें. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ मान्य केली व पागडीस कायदेशीर रूप दिलें.

भाडेकरूस संरक्षण हवेंच होतें. पण सरकारनें तें आपल्या तिजोरींतून न देतां घरमालकाच्या वहींतून दिलें, आणि युद्धकाळची निकड साठ वर्षें चालू ठेवली. सवलतीस मुदत नसली, कीं तिची किंमत पुढची पिढी फेडते.