‘खुकरी’चे पुण्यस्मरण

आपल्या स्मरणिकेतील दिवंगतांच्या नामावलीचे पान घरोघरी प्रथम उघडले जाते, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे. नावाचे मोल जाणणाऱ्या अशा वाचकांपुढे यंदा आम्ही एका युद्धनौकेची हकिकत ठेवीत आहोत.

इंग्लंडात बांधलेली ‘खुकरी’ ही लहानशी फ्रिगेट नौका १९५८ साली भारतीय नौदलात दाखल झाली. पाणबुड्यांचा माग काढून त्यांचा नाश करणे, हे तिचे नेमलेले कार्य. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानी पाणबुडीची चाहूल लागली. तिच्या शोधार्थ ‘खुकरी’ व तिची भगिनी नौका ‘कृपाण’ मुंबईहून निघाल्या. नेतृत्व कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याकडे होते.

सामना विषम होता. ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली नवी पाणबुडी दूरचा ध्वनी टिपू शके. आपल्या नौकांवरील ध्वनिशोधक यंत्रांचा पल्ला तोकडा होता. परिणामी शिकाऱ्यालाच सावजाने आधी हेरले. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’चा पहिला पाणतीर ‘कृपाण’खालून न फुटताच गेला, दुसरा ‘खुकरी’च्या वर्मी लागला. काही मिनिटांतच ती बुडाली. कॅप्टन मुल्लांनी सहकाऱ्यांना नौका सोडण्याची आज्ञा दिली. स्वतः मात्र तिच्याबरोबर जलसमाधी घेतली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. ६७ जण वाचले.

मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र अर्पण झाले. दीवला स्मारक उभे राहिले. पुढे माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ १९८९ पासून २०२१ पर्यंत सेवेत होती; निवृत्तीनंतर, २०२२ साली, तीही दीवच्या स्वाधीन करण्यात आली.

शौर्याचे गुणगान करताना साधनांच्या उणिवेवर पांघरूण घालणे, हा हुतात्म्यांचा सन्मान नव्हे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. सैनिक प्राण देण्यास सिद्ध असतो. त्याच्या हाती उत्तम साधन देणे हे राष्ट्राचे ऋण आहे. दुसरे ऋण आपणा सर्वांचे. कप्तानाचे नाव आपण आदराने घेतो. उरलेली १९३ नावेही कुणाच्या तरी देवघरासमोर आजवर उच्चारली जात असतील. आपल्या कुटुंबांतील ज्यांनी सागरी सेवा केली, त्यांची पत्रे व छायाचित्रे जतन करून ठेवावीत, एवढीच विनंती.